सुडाचा अधिकार आणि डोकी मोजणारी समीक्षा

चित्रपटात कोणत्या समाजगटाची किती माणसे दिसली याची मोजदाद केली म्हणजे प्रतिनिधित्वाची चिकित्सा झाली, असा एक समज मराठी समीक्षेत अलीकडे रूढ होऊ लागला आहे. अमरावती-अकोल्याच्या पदव्युत्तर वर्गांपर्यंत तो पोचला आहे. कोरियन सूडपट आता मोबाईलच्या पडद्यावर सहज मिळतात, विद्यार्थी ते आवडीने पाहतात, आणि त्यांवर लिहिण्याची वेळ आली की स्त्रिया किती, परदेशी किती, गरीब किती असा तक्ता मांडून मोकळे होतात. तक्ता मांडण्यात गैर काही नाही. मात्र त्यापुढे न जाणे याला समीक्षा म्हणता येत नाही, आणि सूडपटाच्या बाबतीत तर असा तक्ता सरळसरळ दिशाभूल करतो.

या घोटाळ्याचे मूळ एका इंग्रजी शब्दात आहे. त्या भाषेत ‘रेप्रिझेंटेशन’ हा एकच शब्द दोन भिन्न क्रियांसाठी राबवला जातो : कोणाच्या वतीने उभे राहणे आणि कोणाचे चित्र उभे करणे. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मार्क्सच्या मूळ जर्मन संहितेकडे जाऊन हे दोन अर्थ सोडवून दाखवले, कारण जर्मनमध्ये त्यांसाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत. मराठीत तर तीन आहेत : प्रतिनिधित्व, चित्रण आणि प्रातिनिधिकता. आमदार आपल्या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करतो, त्याचे चित्रण करीत नाही. उद्धव शेळके यांनी ‘धग’मध्ये (१९६०) कौतिकचे चित्रण केले, वऱ्हाडातील कष्टकरी बाईचे प्रतिनिधी म्हणून ते कोठे निवडून गेले नव्हते. आणि कौतिक प्रातिनिधिक आहे काय, हा पुन्हा तिसराच प्रश्न, ज्यावर पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेतील उत्तरे लिहिली गेली. ज्या भाषेजवळ तीन धारदार अवजारे आहेत तिच्या समीक्षकांनी परक्या भाषेचे एक बोथट अवजार उसने आणावे आणि त्यालाच नवी सैद्धांतिक जाणीव म्हणून मिरवावे, हे दैन्य भाषेचे खचित नाही.

दुसरा पक्ष याच्या नेमका उलट आहे आणि त्याचा समाचार थोडक्यात घेता येतो. हाणामारीचा चित्रपट हा निव्वळ देहाचा, गतीचा आणि कौशल्याचा खेळ, त्यात समाज शोधणे म्हणजे वाळूचे कण रगडणे, असे हा पक्ष म्हणतो. त्याला एवढेच विचारावे की पडद्यावर जो मरतो त्याचे आडनाव काय ठेवले आहे आणि जो मारतो त्याचे काय. आडनाव कोणीतरी निवडलेले असते. ‘निव्वळ खेळ’ म्हणणाऱ्यांना खेळगड्यांची नावे कोण ठरवतो हे कधी दिसत नाही.

या दोन्ही पक्षांची परीक्षा घेण्यास एक उदाहरण पुरेसे आहे, आणि ते मराठी वाचकाला परके नाही. २०१० मध्ये ली जोंग-बॉम दिग्दर्शित एक कोरियन सूडपट आला. इंग्रजी जगात तो ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’ या नावाने ओळखला जातो. त्या वर्षीच्या कोरियन चित्रपटांत सर्वाधिक प्रेक्षक त्यालाच लाभले. त्याचा हिंदी पुनरावतार २५ मार्च २०१६ रोजी ‘रॉकी हँडसम’ या नावाने प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते निशिकांत कामत. ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) आणि ‘लय भारी’ (२०१४) हे मराठीतील दोन गाजलेले सूडपट त्यांचेच. एकाच मराठी दिग्दर्शकाच्या हातून सूडकथेची तीन रूपे घडली, तिसरे थेट कोरियातून आणलेले, आणि तरी मराठी समीक्षेने ही तिन्ही एका ओळीत ठेवून वाचण्याची तसदी घेतल्याचे फारसे दिसत नाही.

मूळ कथा साधी आहे. सैन्याच्या गुप्त विभागातून बाहेर पडलेला, गरोदर पत्नी गमावलेला एक माणूस गहाणवटीचे दुकान चालवतो. शेजारच्या व्यसनाधीन नर्तकीची लहान मुलगी त्याच्याकडे येत-जात असते. आई अमली पदार्थांच्या चोरीत सापडते, टोळी मायलेकींना उचलून नेते, आईचे अवयव काढून विकले जातात आणि मुलीच्या शोधात हा अबोल माणूस एकामागून एक माणसे कापत जातो. कोरियन शीर्षक आहे ‘अजॉशी’. नात्यात नसलेल्या, वयाने मोठ्या पुरुषाला हाक मारण्याचा हा तिकडचा शब्द. वऱ्हाडातले एखादे पोर गल्लीतल्या माणसाला ‘काका’ म्हणते तसा. चित्रपटाचे सारे नैतिक वजन या हाकेवर तोललेले आहे. कोणाचाही कोणी नसलेला माणूस एका पोराच्या हाकेने कोणाचा तरी होतो आणि त्यामुळेच त्याला सूड घेण्याचा अधिकार मिळतो. इंग्रजी शीर्षकाने ही हाक पुसली आणि ‘कोठूनही न आलेला’ माणूस उभा केला. हिंदीने त्याच्या जागी देखणेपण ठेवले. हाकेपासून देखणेपणापर्यंतचा हा प्रवास कोणत्याही तक्त्यात मावत नाही. नात्याऐवजी रूप हेच अधिकाराचे प्रमाणपत्र बनले, हा त्यातला खरा बदल आहे.

आता परदेशी माणूस. मूळ चित्रपटातील टोळीजवळ एक भाडोत्री मारेकरी आहे. थायलंडच्या थानायोंग वोंगट्राकुल या नटाने ती भूमिका केली आहे. तक्ता मांडणारा येथे समाधानाने ‘परदेशी पात्र : एक’ असे लिहील. परंतु या पात्राला काय दिले आणि काय नाकारले ते पाहावे. मुलगी त्याच्या कपाळावरच्या जखमेवर पट्टी लावते. ती कृतज्ञता तो विसरत नाही. तिचे डोळे काढण्याचा हुकूम असताना तो तिला वाचवतो आणि डॉक्टरलाच संपवतो. नायकाशी तो बरोबरीच्या शस्त्राने लढतो. सद्सद्विवेक त्याला भरपूर मिळाला. मिळाले नाही ते घर, गाव, भाषा, येथवर येण्याचे कारण. तो मरतो तेव्हा कोणी त्याचे नाव घेऊन रडत नाही. २००४ पासून दक्षिण कोरियात परदेशी मजुरांसाठी परवाना-व्यवस्था आहे; थायलंड, व्हिएतनाम, फिलिपाइन्स या देशांतील माणसे तेथील कारखान्यांत आणि शेतांत राबतात. पडद्यावर त्या प्रदेशाचा माणूस आला तो एवढ्याच रूपात. गंमत अशी की नायकाचे ज्या चाकूयुद्धासाठी कौतुक झाले त्याची घडण फिलिपाइन्सच्या कली-आर्निस आणि इंडोनेशिया-मलेशियाच्या सिलाट या विद्यांतून झालेली आहे. विद्या त्या प्रदेशाची, देह आणि दुःख मात्र कोरियन नायकाचे. कलेला प्रवेश आहे, कलावंताच्या गावाला नाही.

हा आराखडा गोव्यात आणताना कामतांनी तो जवळजवळ तसाच ठेवला. परंतु आराखडा तसाच ठेवला तरी नावे नवी घालावी लागतात, आणि पुनरावताराची खरी कबुली नावांतच असते. नायक झाला कबीर अहलावत. उत्तरेकडचे आडनाव आणि संताचे नाव. व्यसनाधीन आई झाली ॲना, मुलगी नाओमी. टोळीचे म्होरके झाले केव्हिन आणि ल्यूक हे परेरा बंधू. यातील केव्हिनची भूमिका स्वतः कामतांनीच केली आहे, आणि ती वाईट केलेली नाही. परदेशी मारेकऱ्याची जागा पुन्हा परदेशी नटालाच मिळाली, पुन्हा गावाशिवाय.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्यात ख्रिस्ती सुमारे एक चतुर्थांश आणि हिंदू सुमारे दोन तृतीयांश आहेत. म्हणजे डोकी मोजण्याच्या न्यायाने हा चित्रपट आदर्श ठरावा : अल्पसंख्य समाजाला त्यात त्याच्या संख्येहून कितीतरी अधिक वाटा मिळाला आहे! व्यसन त्यांचे, व्यापार त्यांचा, मरण त्यांचे. फक्त सूड त्यांचा नाही. ज्या गोव्यात कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या स्थानावरून दशके वाद झडले, त्या भूमीतल्या या कथेचे मन मात्र हिंदीत चालते. स्थानिक माणूस गुन्हेगार, बळी किंवा पार्श्वभूमी. दुःख बाहेरून येते आणि न्यायही बाहेरून येतो. कामतांच्या मनात ख्रिस्ती समाजाविषयी आकस होता असे सुचवण्याचे काहीही कारण नाही. हिंदी चित्रपटाने दशकानुदशके घडवलेला गोवा त्यांनी हाताशी आला तसा उचलला. पण चिकित्सा हेतूची करायची नसते, साच्याची करायची असते, आणि सहज हाताशी येणारा साचाच सर्वांत जुना असतो.

सूडपटाचा केंद्रबिंदू जखम हा आहे. जखमा पडद्यावर पुष्कळांना होतात. त्यांतील एकाचीच जखम ‘मोजली’ जाते, तिलाच स्मृती मिळते, संगीत मिळते, आणि तिच्या नावाने पुढचे सगळे रक्त क्षम्य ठरते. तेव्हा सूडपटातील प्रतिनिधित्वाचा प्रश्न ‘कोण दिसतो’ असा नसून ‘कोणाची जखम मोजली जाते’ असा आहे. या कसोटीवर कामतांचे मराठी चित्रपट पाहिले की चित्र स्पष्ट होते. ‘डोंबिवली फास्ट’मधील माधव आपटे हा बँकेतला कारकून. पाणी, शाळाप्रवेश, लाचखोरी अशा रोजच्या अपमानांनी तो एक दिवस फुटतो, हातात बॅट घेतो आणि अखेरीस मारला जातो. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि पगारदार मध्यमवर्गाची जखम हीच समाजाची जखम, हे समीकरण फारशी खळखळ न होता मान्य झाले. ‘लय भारी’त जखम निंबाळकरांच्या घराण्याची आहे. पंढरपुरात वाढलेला माऊली वारकऱ्यांचा, गल्लीचा, सामान्यांचा गडी म्हणून आधी उभा केला जातो. मग कळते की तो श्रीमंत घराचा जुळा वारस आहे. त्याच्या बाहूतील बळ पंढरीच्या वाळवंटाने दिले की वंशाने, हा प्रश्न पटकथेने वंशाच्या बाजूने मिटवला. ज्या संप्रदायात ‘माऊली’ ही हाक कोणीही कोणालाही देतो, तिथली ती हाक एका वारसदाराच्या खाती जमा झाली. कोरियन मूळ शीर्षकातील हाकेचे हिंदीत जे झाले तेच येथे दोन वर्षे आधी मराठीत होऊन गेले होते.

येथे वऱ्हाडच्या वाचकाच्या मनात एक वेगळीच शंका यावी, आणि ती आली नाही तर त्याचे वाचन अपुरे मानावे लागेल. कोरियन नायक गहाणवटीचे दुकान चालवतो. त्या कथेत हे दुकान केवळ अंधाऱ्या एकांताची जागा आहे, त्याला नैतिक रंग नाही. हीच कथा गोव्याऐवजी अकोल्याच्या बाजारपेठेत आणली असती तर? १८६० नंतरच्या कापसाच्या तेजीपासून वऱ्हाडात गहाणखत हा शब्द शेतीच्या इतिहासाशी जखडलेला आहे. सावकारीच्या पाशासाठी राज्याला २०१४ मध्ये नवा नियमन कायदा करावा लागला. ज्या प्रदेशात गहाण ठेवून घेणारा हा दीडशे वर्षे कथेतला खलपुरुष राहिला तेथे तो नायक कसा होणार? दुकानाच्या काउंटरची ही एक बाजू बदलली की सूडाची सारी दिशाच बदलते : गहाण ठेवायला आलेल्या माणसाची जखम पुढे येते. ‘स्थानिकीकरण’ म्हणजे माड, चर्च आणि समुद्र नव्हे, ते हे असते.

वऱ्हाडाला मात्र मराठी पडद्याने आजवर कोणत्या भूमिका दिल्या? ‘देवकीनंदन गोपाला’ने (१९७७) गाडगेबाबांच्या रूपाने संत दिला, ते ऋण मोठे आहे. दूरचित्रवाणीच्या विनोदी कार्यक्रमांनी वऱ्हाडी बोलीला हशा दिला, आणि आता तर पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ती बोली कानावर पडताच हसण्याची सवय लागली आहे. आणि शेतकरी आत्महत्यांच्या काळाने आत्मघाती शेतकरी दिला. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांचे मदतपॅकेज ज्या सहा जिल्ह्यांसाठी जाहीर झाले त्यांत अमरावती आणि अकोला होते. त्यानंतर ‘विदर्भ’ हा शब्द उच्चारताच दोर आणि विषाची बाटली दिसू लागली. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) हा या काळातला सर्वांत प्रामाणिक चित्रपट. नवऱ्याने जीव देऊ नये म्हणून त्याच्यावर पाळत ठेवणारी अलका हे त्यातले पात्र आत्महत्येच्या आकडेवारीला माणसाचे तोंड देते, आणि त्यात बोली हशासाठी वापरलेली नाही. तरीही हिंसेची दिशा पाहिली तर ती आतच वळलेली आहे. मराठी पडद्यावर आपटे बॅट उचलतो, निंबाळकर तलवारीगत हात चालवतो, आणि वऱ्हाडचा किसना स्वतःचाच जीव घेईल की काय याची चिंता केली जाते. हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. कोणाचा क्रोध बाहेर वळू द्यायचा आणि कोणाचा आत, याचीही एक वाटणी असते.

या वाटणीला ‘वऱ्हाडी माणूस मुळातच सोशीक’ असे स्पष्टीकरण देण्यात येते. ते खोटे आहे. लढाऊ देहाची परंपरा येथे नव्हती असे कोणी म्हणत असेल तर त्याने अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ पाहावे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायाम आणि खेळांची प्रात्यक्षिके केली. मल्लखांब, लाठी, कुस्ती यांत कमावलेला देह या शहराला शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे. परंतु पडद्यावर मराठी लढाऊ देह हवा झाला की ‘फर्जंद’ (२०१८) किंवा ‘पावनखिंड’ (२०२२) यांच्या वाटेने सतराव्या शतकातील सह्याद्रीत जावे लागते, आणि त्या नकाशात वऱ्हाड जवळजवळ नाहीच. आखाड्याचेही अर्थात गोडवे गाऊन थांबता येणार नाही. कोणत्या जातीच्या, कोणत्या लिंगाच्या देहाला कोणत्या काळी त्या मातीवर उतरता आले, हे विचारल्याशिवाय आखाडा म्हणजे प्रदेशाचे प्रतिनिधित्व असे म्हणणे हा पुन्हा तोच घोटाळा ठरेल.

मग मागणी काय? वऱ्हाडालाही एक सूडपट द्या, अलकाच्या हाती विळा द्या, अशी? तमिळ चित्रपटाने ही वाट धरली. पूमणी यांच्या १९८२ च्या कादंबरीवरचा ‘असुरन’ (२०१९) आणि ‘कर्णन’ (२०२१) यांनी ज्यांची जखम मोजली जात नव्हती त्यांच्या हाती शस्त्र दिले, आणि प्रेक्षागृहात त्याचा जो परिणाम झाला तो नाकारण्यासारखा नाही. तरीही तेवढ्याने प्रश्न सुटला असे मानणे घाईचे आहे. बाबुराव बागुलांच्या ‘सूड’ (१९७०) या दीर्घकथेने फार पूर्वीच दाखवले की अपमानित स्त्रीला सूडासाठी आधी पुरुष व्हावेसे वाटते, म्हणजे सूडाचे साधनच शत्रूच्या साच्यातले असते. ‘द व्हिलनेस’ (२०१७) पाहून स्त्रीच्या हाती तलवार आली म्हणून हर्षित होणाऱ्यांनी बागूल वाचलेले नसतात, एवढाच त्याचा अर्थ. कोरियन सूडपटालाही ही अडचण ठाऊक आहे. पार्क चान-वूक यांच्या ‘लेडी व्हेन्जन्स’मध्ये (२००५) नायिका अखेर सूड एकटीने घेत नाही, खून झालेल्या मुलांच्या पालकांना ती एका ओस शाळेत जमवते, पुरावा समोर ठेवते आणि काय करायचे ते त्यांना ठरवू देते. ते जे ठरवतात ते भीषण आहे. पण जखम अनेकांची आहे, म्हणून निर्णयही अनेकांनी बसून घ्यायचा, हे त्या दृश्यात सूडपटाच्या व्याकरणाबाहेरचे काहीतरी घडते.

अमरावतीला अशी बैठक अपरिचित नाही, आणि तिचा शेवट भीषण नव्हता. नोव्हेंबर १९२७ मध्ये अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर येथील इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. पिढ्यांची जखम घेऊन आलेली माणसे नाटकाच्या त्या जागेत बसली आणि पुढचे पाऊल काय, याचा विचार त्यांनी जाहीरपणे केला. आत्मघात नाही आणि सूडही नाही, अशी ही तिसरी क्रिया. तिचे चित्रण करणे अवघड आहे, कारण तिला एकच नायक पुरत नाही, तिच्यात अंतिम द्वंद्व नसते आणि तिचा क्रोध चर्चेच्या संथ गतीने पुढे सरकतो. हाणामारीच्या दृश्याला लागणारे कौशल्य आज बाजारात मिळते. हे दृश्य रचण्याचे कौशल्य मराठी पटकथेने अद्याप कमावलेले नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो, तेव्हा सूडपटाचा एक मूलभूत करार मोडतो : प्रेक्षक आता सूड घेणाऱ्याच्या बाजूला बसलेला राहत नाही. त्या दगडाची नोंद तक्त्यातल्या कोणत्या रकान्यात करायची, हे डोकी मोजणाऱ्यांनी अजून सांगितलेले नाही.